नाव मावेल एवढी जागा

आजच्या निरोप समारंभाचे आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष माननीय दत्तरावजी, प्राचार्य बन्सीधर सर, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते आपले कार्यालयीन अधीक्षक दिनकरराव सावळीकर साहेब, त्यांच्या शेजारी हारांच्या ढिगाआड संकोचून बसलेल्या कमलबाई वहिनी, माझे प्राध्यापक सहकारी, कार्यालयातील बंधू-भगिनी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि मागच्या रांगांतल्या रिकाम्या खुर्च्यांनो,

खुर्च्यांना नमस्कार केला म्हणून हसू नका. मी गणिताची शिक्षिका. रिकाम्या जागेचाही हिशेब धरायची सवय आहे. आमंत्रणं सगळ्यांना गेली होती. कुणाच्या घरी लग्न असेल, कुणाला पेरणीची घाई असेल. आपले माननीय सचिव साहेबही कामात असल्यामुळे येऊ शकले नाहीत, असं मघाशी सांगण्यात आलं. त्यांच्या कामाला माझ्या शुभेच्छा.

प्राचार्य सरांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्याआधी बोललेल्यांनी दिनकररावांचं मोत्यासारखं अक्षर, त्यांचा वक्तशीरपणा, निजामाच्या अमलातलं त्यांचं उर्दू शिक्षण, सगळं सांगून झालं. मग माझ्या वाट्याला काय उरलं? दाराबाहेर काढून ठेवलेले त्यांचे बूट उरले. मी त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

आपल्या महाविद्यालयात संगणक आला तेव्हा जुनी कोठी रिकामी करून त्याला खोली दिली. खाली जाजम, खिडकीला पडदा, भिंतीत गारवा यंत्र. संस्थेनं ठरवलं की कुणाला तरी पुण्याला प्रशिक्षणासाठी धाडायचं. घरदार सोडून जायला कुणी तयार होईना. मला सोडायला घर नव्हतं, म्हणून मी गेले. तिथून दोन गोष्टी शिकून आले. एक, सी नावाची भाषा. दुसरी, संगणकाला धूळ चालत नाही, म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. दारावर तशी पाटीही मी स्वतःच रंगवली.

मित्रहो, आपल्या जिल्ह्यात मराठी बोलणारे आहेत, उर्दू बोलणारे आहेत, तांड्यांवर लमाणी बोलणारे आहेत. सी बोलणारी मी एकटी होते. माझ्या अडचणी मी कुणाला सांगणार? खोलीत कुणी यायचं नाही. "मशीन बिघडलं तर आमच्या डोक्यावर नको," असं म्हणून सगळे लांबून जायचे. येता-जाता दाराबाहेर एकच चपलांचा जोड दिसायचा, तो माझा. शिपायानं तर खूणगाठच बांधली होती. चपला दिसल्या की मॅडम आहेत, नाही दिसल्या की खोलीला कुलूप.

त्याचं मला फार वाईट वाटायचं असं नाही. एकटं राहायची सवय होती. या गावात मी नोकरीला आले तेव्हा भाड्याची खोली शोधत फिरले. घरमालकाशी बोलणं आडनावापर्यंत छान चालायचं. मग म्हणायचे, "बाई, खोली आमच्या भाच्याला द्यायची हाय, ध्यानातच न्हाई राहिलं." या गावात एवढे भाचे आहेत हे मला तेव्हा कळलं.

असो. दिनकररावांवर बोलायचं आहे.

दिनकररावांना संगणक पसंत नव्हता. ओळखपत्रं, दाखले, सगळं ते स्वतःच्या हातानं लिहीत. आता ते काम छपाई यंत्रानं होणार म्हटल्यावर त्यांनी टाक पुसून ठेवला, पण विद्यार्थ्यांची माहिती मला कुणी तरी वाचून दाखवायला हवी होती. म्हणून ते यायला लागले. यायला लागले म्हणजे दारापर्यंत. पायात नाडीचे काळे बूट, एक खांदा चौकटीला टेकलेला, आणि तिथूनच खणखणीत आवाजात वाचणं. मी आत बसून टंकत जायची. आत या म्हटलं तर म्हणायचे, "न्हाई मॅडम, नाडी सोडायचा लय कंटाळा येतो." चहा आला तरी ते तिथंच उभ्यानं प्यायचे.

कंटाळा नाडीचाच होता का, हे मी कधी विचारलं नाही. माणूस जे कारण देतो ते खरं मानावं. नाही तर रोज रोज जगायचं कसं?

आता थोडं तांत्रिक सांगते. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही. संगणकात प्रत्येक नावाला आधीच मोजून जागा द्यावी लागते, एकाला लागून एक. आधी विद्यापीठाचं नाव, त्याला लागून विद्यार्थ्याचं नाव, त्याला लागून गाव. ते नाव एका ठिकाणाहून उचलून त्याच्या जागेत उतरवायचा एक सोपा हुकूम सी भाषेत आहे. पण तो हुकूम जागा किती आहे हे विचारत नाही. नाव लांब असेल तर ते जागेबाहेर जातं, पुढच्याच्या जागेत घुसतं, आणि वर तक्रारही नाही.

पहिल्याच वर्षी राणीसावरगावचा एक मुलगा आला. पुरुषोत्तम चंद्रभान क्षीरसागर. दिनकररावांची पद्धत अशी की ते आधी गाव वाचायचे आणि मग नाव. निजामाच्या काळातल्या एका कारकुनानं त्यांना तसं शिकवलं होतं, कारण माणूस गावाचा असतो. मी त्याच क्रमानं उतरवून घेत गेले. गाव जागेवर बसलं, आणि मागून आलेल्या क्षीरसागरांच्या नावाची शेपटी त्याच्यावर जाऊन पडली. ओळखपत्र छापून निघालं. नाव अगदी बरोबर. गावाच्या जागी इंग्रजीत चार अक्षरं, 'आगर'.

दुसऱ्या दिवशी दिनकरराव ते घेऊन दारात उभे. "मॅडम, पोरगं राणीसावरगावचं. तुमच्या मशीननं त्याचं गाव खाल्लं की!"

मी त्यांना समजावलं. म्हटलं, तो हुकूम जागा किती हे विचारत नाही.

"इचारत का न्हाई?"

"सांगितलं तेवढं करतो, साहेब."

"म्हंजे वाफा केवढा हाय ते न बघताच बारं मोडायचं? पाणी शेजाऱ्याच्या रानात जाणारच की मग."

दिनकररावांची जिंतूर तालुक्यात विहिरीखालची जमीन आहे. गव्हाला पाणी देताना बारं मोडणं, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यात वळवणं, त्यांच्या हातचं. मी म्हटलं, अगदी तसंच. मग मी बसले आणि दुरुस्ती केली. सी भाषेत दुसराही एक हुकूम आहे. त्याला सांगता येतं की एवढीच अक्षरं घे, त्यापुढं घेऊ नकोस. त्याला सुरक्षित पद्धत म्हणतात. नवीन ओळखपत्र निघालं. गाव शाबूत. नाव: पुरुषोत्तम चंद्रभान क्षीर.

दिनकरराव पुन्हा दारात. "काल गाव खाल्लं, आज नाव खाल्लं. दूध ठिवलं आन् सागर सांडला."

मी जरा चिडले. म्हटलं, "साहेब, हे सुरक्षित आहे. आता शेजारच्या जागेला धक्का लागत नाही."

ते ओळखपत्राकडं बघत राहिले. म्हणाले, "सुरक्षित कुणासाठी? मशीनसाठी का पोरासाठी?"

या प्रश्नाचं उत्तर पुण्याच्या वर्गात कुणी दिलं नव्हतं, कारण तिथं हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता. मी परत बसले. आधी नाव मोजायचं. मावत नसेल तर संगणकानं थांबून तसं सांगायचं. जागा वाढवायची आणि मगच नाव उतरवायचं. आणि जागा नावापेक्षा एकानं जास्त ठेवायची. ती शेवटची जागा रिकामी, तिथं फक्त शून्य.

"शून्य कशाला?" दिनकररावांनी दारातून विचारलं.

"ते नसेल तर नाव कुठं संपलं हे मशीनला कळत नाही. ते पुढच्याचं नाव वाचत सुटतं."

"म्हंजे काहीच न्हाई ठिवायला बी जागा लागती तर," ते म्हणाले आणि चहाचा रिकामा कप खिडकीत ठेवून गेले.

त्यानंतरची सारी वर्षं अशीच गेली. ते दारात, मी आत. सुट्ट्या लागल्या की मला त्यांच्या आवाजावाचून चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. दिवसाकाठी कुणी तरी एवढी नावं आपल्याला मोठ्यानं वाचून दाखवतं, हीसुद्धा सोबतच असते. कमलबाई वहिनी, हे मी साहेबांना कधी सांगितलं नाही. आज तुमच्यासमोर सांगते.

आता या वर्षीच्या जानेवारीकडं येते. अध्यक्ष महोदय, घड्याळाकडं बघू नका. फार उरलेलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाचं नाव बदललं. काही गल्ल्यांत गुलाल उधळला, काही गल्ल्यांत दुकानांची शटरं खाली आली. ज्या नावासाठी अठ्ठ्याहत्तर साली आमची वस्ती पेटवली गेली ते नाव आलं. आमचं घर तेव्हा जळालं. माणसं वाचली. माझी आई, धुरपताबाई, उरलेली सारी वर्षं दुसऱ्यांच्या पडवीत राहिली. हे नाव बघायला ती उरली नाही. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक कक्षात सगळे एकमेकांना तिळगूळ देत होते आणि त्या विषयावर कुणी बोलत नव्हतं. मलाही तिळगूळ मिळाला. तो घेऊन मी संगणक कक्षात जाऊन बसले. दुःख एकटीनं कसं करायचं हे मला चांगलं ठाऊक होतं. आनंद एकटीनं कसा करायचा ते काही सुचेना.

मग सहज म्हणून मी नवं नाव संगणकात टाकलं. संगणक थांबला. मावत नाही म्हणाला.

का मावेल? विद्यार्थ्यांच्या नावांना मी जागा वाढवत गेले, पण विद्यापीठाच्या नावाला पहिल्या वर्षी अगदी अंगाबरोबर जागा दिली होती. मराठवाडा युनिव्हर्सिटी, आणि मागं एक शून्य. ते नाव कधी बदलेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. ज्यांच्या घराची राख होते त्यांना आशा धरायची भीती वाटते. तेवढ्या जागेत सुरक्षित पद्धतीनं नवं नाव उतरवलं तर किती उतरतं, ते मी मोजलं. डॉक्टर बाबासाहेब आंबेडक. तिथंच संपतं. शेवटच्या 'र'लासुद्धा जागा नाही. आणि जुन्या बेफिकीर पद्धतीनं उतरवलं तर बाबासाहेबांचं नाव पुढच्या विद्यार्थ्याच्या नावावर जाऊन पडणार. ते बाबासाहेबांना तरी आवडलं असतं का?

जागा वाढवायची तर पुढचं सारं सरकवायला हवं होतं. संगणकाचे सगळे प्रोग्रॅम बदलायचे, जुन्या फ्लॉप्यांवरची सगळी माहिती नव्या मापात बसवायची. काम मोठं होतं, पण होण्यासारखं होतं.

महिनाअखेरीस संस्थेची बैठक झाली. मला बोलावण्यात आलं. दिनकरराव कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला. सचिव साहेब म्हणाले, "एवढं लांबलचक नाव कशाला? आद्याक्षरं टाका. मॅडम सांगतीलच की मशीनमध्ये जागा नाही. मशीनपुढं कुणाचा इलाज आहे? म्हणजे इकडचेही नाराज नाहीत आणि तिकडचेही नाहीत." आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी उभी राहिले, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. एरवी मी वर्गात तासभर बोलते, हे माझे विद्यार्थी सांगतील. पण त्या टेबलाभोवती त्या नावावर बोलायला फक्त मीच होते, आणि मी काहीही बोलले तरी ते 'यांचं' बोलणं ठरणार होतं. जागा करता येते म्हटलं तर हट्टी. गप्प बसलं तर ते नाव जन्मभर आद्याक्षरांत, आणि दोष माझ्या मशीनचा.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "क्षीरसागरच्या टायमाला मॅडमनी जागा केली होती. म्या डोळ्यानं बघितलंय."

सचिव साहेब म्हणाले, "दिनकरराव, तुमचं काम लिहायचं आहे."

"तेच करायलोय की, साहेब." त्यांनी लेखणी वर धरली. "फक्त एवढं सांगा, काय लिहू? जागा न्हाई म्हणून लिहू, का द्यायची न्हाई म्हणून लिहू?"

खोलीत पंख्याचासुद्धा आवाज नव्हता, थंडीमुळं तो बंद होता. माननीय दत्तरावजी, आपण त्या दिवशी चष्मा काढून पुसलात, आणि म्हणालात, "मॅडम, करा जागा." त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. आपण हे आज या व्यासपीठावर ऐकून घेता आहात, त्याबद्दल तर अधिकच.

दिनकररावांना सेवेत मुदतवाढ मिळणार असं तोवर सगळेच धरून चालले होते. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे. पुढं तो विषय निघाला नाही. का निघाला नाही, ते मला ठाऊक नाही आणि मी कुणावर आरोप करत नाही. गावाकडच्या भावकीनंही साहेबांकडं पाठ फिरवली असं ऐकते. मागच्या खुर्च्या रिकाम्या आहेत एवढं मात्र मला इथून दिसतं.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामाला बसले होते. दारात सावली पडली. नेहमीप्रमाणं वाचायला सुरुवात होईल म्हणून मी वर न बघताच बोटं तयार ठेवली. आवाज आला नाही. मी वळून बघितलं तर दिनकरराव उंबऱ्याशी खाली बसून बुटाची नाडी सोडत होते. गाठ पक्की बसलेली. नखानं उकलत होते. मग मोजे काढले, मोजे बुटात खोचले, बूट माझ्या चपलांशेजारी नीट ठेवले, आणि आत आले. पायांना जाजम नवीन, त्यामुळं जरा जपून चालत. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

म्हणाले, "नाडी सोडायला लय वर्सं लागली, मॅडम."

त्या वाक्याला उत्तर द्यायला गेले असते तर ते लहान झालं असतं. मी म्हटलं, "वाचा."

तेव्हापासून काम संपेपर्यंत ते रोज आत बसून वाचत गेले. आधी गाव, मग नाव. शेवटी पहिला दाखला छपाई यंत्रावर लावला. यंत्र करकरत डावीकडून उजवीकडं गेलं. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा युनिव्हर्सिटी. सलग, एका ओळीत, आणि खाली गंगाखेडच्या एका मुलीचं नाव, तेही पूर्ण, तिच्या गावासकट. कुणी कुणाच्या जागेत गेलं नव्हतं. दिनकररावांनी ओळीवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचलं आणि खिशातून पेन काढून खाली दस्तखत केलं.

मला रडू आलं. मी म्हटलं, "गारवा यंत्राची हवा डोळ्यांना लागते."

ते म्हणाले, "ते तर बंद हाय, मॅडम." आणि तोंड खिडकीकडं वळवून बसले, माझं आवरेपर्यंत. त्या दिवशी चहा आला तो आम्ही दोघांनी बसून प्यायला.

मित्रहो, हे पाच-सहा महिने माझ्या खोलीबाहेर दोन जोड असायचे. ते बघून शिपाई एकदा थबकला आणि मला विचारता झाला, "मॅडम, पाव्हणे आलेत काय?" मी म्हटलं, "नाही रे, आपलेच आहेत."

उद्या एक जुलै. प्रवेश सुरू होतील. कुणी तरी वाचायला येईल, दारात उभं राहून वाचेल, काम अडणार नाही. संस्था चालतच असते. पण मी खरं सांगते, मला उद्याची भीती वाटते. एकटेपणाची सवय होती तोवर बरं होतं. साहेब, तुम्ही ती सवय मोडलीत. हा एक तुमच्यावर माझा आरोप आहे, तो लिहून घ्यायला आज तुमच्या हातात लेखणी नाही.

संस्थेनं आपल्याला शाल दिली, श्रीफळ दिलं, वहिनींना लुगडं दिलं. मी काही आणलं नाही. तुमच्या बुटांची जागा मात्र मी रिकामी ठेवणार आहे. तिथं दुसरं काही ठेवणार नाही. काहीच न्हाई ठिवायलाही जागा लागते, हे तुम्हीच म्हणाला होतात.

अध्यक्ष महोदयांनी, प्राचार्य सरांनी पाच मिनिटांचा बांध फोडू दिला, आपण सर्वांनी बसून ऐकलं, त्याबद्दल मनापासून आभार. ओघात कुणाच्या वाफ्यात माझं पाणी शिरलं असेल, कुणाच्या नावाला उणंअधिक झालं असेल, तर थोरामोठ्यांनी पोटात घालावं. कमलबाई वहिनी, साहेबांना सांभाळा. सकाळी दहाच्या सुमाराला ते कारण नसताना बूट घालतील. घालू द्या.

आणि साहेब, जिंतूरची गाडी पकडून कधी या बाजूला आलात, तर संगणक कक्षाकडं वळा. दारावरची पाटी मीच रंगवलेली आहे, तुम्ही ती वाचू नका. नाडी सोडू नका. बूट घालूनच सरळ आत या. धुळीचं मी बघून घेईन.